वात, बटण आणि डिमर : घरातल्या उजेडाचा प्रवास

(गोराई इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)



मघाशी चहा घेताना एका काकांनी मला विचारलं, "आज इतिहासाचं व्याख्यान आहे की इलेक्ट्रिशियनचं?" प्रश्न रास्त आहे. छतात बसवायचे, कमी वीज खाणारे, कमी-जास्त करता येणारे दिवे, हा आजचा विषय. याला कसला आलाय इतिहास, असं वाटू शकतं. म्हणून आधी घरातलाच एक प्रसंग सांगतो आणि मग मागे जातो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरात फॉल्स सीलिंग केलं. मोठ्या खोलीत छताला सहा एलईडी दिवे बसवले. घर तसं लहान. त्याच खोलीत रात्री माझी मुलगी बारावीचा अभ्यास करते आणि त्याच खोलीत माझी आई झोपते. आई मालवण तालुक्यातली, वय ७८. काम झालं त्या रात्री अकराच्या सुमारास आईनं कूस बदलली आणि म्हणाली, "चेडवा, वात जरा खाली कर गो."

मुलगी हसली. वात कुठून आणणार? भिंतीवर एक बटण. दाबलं की सहाही दिवे चालू, परत दाबलं की मिट्ट काळोख. पोरीनं शेवटी वही उचलली आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी जाऊन बसली.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आईच्या लहानपणी रॉकेलच्या साध्या कंदिलात जी सोय होती, ती हजारो रुपये खर्चून केलेल्या छतात का नव्हती? ती सोय गेली कधी? आणि परत आणायची तर काय करावं लागतं? आजचं सगळं बोलणं या तीन प्रश्नांभोवती आहे.

सुरुवात वातीपासून करू. समई, पणती, निरांजन हे दिवे हजारो वर्षं होतेच. समईत वाती किती लावायच्या, एक की पाच, यावर उजेड ठरायचा. आपण दिवा 'विझवतो' असंही म्हणत नव्हतो, तो मालवायचा किंवा शांत करायचा. पण पेटलेल्या दिव्याचा उजेड पाहिजे तेव्हा सहज कमी-जास्त करण्याची सोय सामान्य घरात आली ती रॉकेलच्या दिव्यानं. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ड्रेकची तेलविहीर लागली, आणि पुढच्या काही दशकांत रॉकेल जहाजांतून आपल्या बंदरांत येऊ लागलं. त्याच्याबरोबर आला कंदील. काचेच्या खाली बाजूला ती छोटी चावी आठवते? ती फिरवली की वात वर यायची, उलटी फिरवली की खाली जायची. जेवताना वात मोठी, निजताना बारीक. आणि महत्त्वाचं म्हणजे वात बारीक केली की तेलही कमी जळायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

आता शहराकडे वळू. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले १८६५ साली. त्याच साली इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाचं 'द कोल क्वेश्चन' हे पुस्तक आलं. त्यात त्यानं एक उफराटी वाटणारी गोष्ट मांडली. वाफेचं इंजिन कमी कोळशात जास्त काम करू लागलं, की कोळशाचा खप कमी होत नाही, वाढतो. कारण इंजिन चालवणं परवडू लागतं आणि मग जिथे नव्हतं तिथेही इंजिन येतं. हा जेव्हन्सही बाजूला ठेवा. तो आपल्याला गोराईत परत भेटणार आहे.

विजेचा दिवा मुंबईत आला तो लगेच हरला, हे फार जणांना माहीत नसतं. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये आणि काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावायचा करार नगरपालिकेनं ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी केला. एडिसनच्या दिव्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि मार्केटात परत गॅसचे दिवे आले! विजेनं मुंबईत खरा पाय रोवला तो १९०५ साली, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीबरोबर. आपल्या 'बेस्ट'चं हे मूळ. १९०७ साली विजेची ट्राम धावली, १९१५ साली खोपोलीहून टाटांची जलविद्युत शहरात आली. पण ही सगळी शहराची गोष्ट झाली. आपण उपनगरवाले. आपल्यासाठी १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली, म्हणजे आपली बीएसईएस. पुढे ती रिलायन्सकडे गेली आणि २०१८ पासून बिलावर अदानींचं नाव आहे. बिलावरचं नाव बदलत गेलं, बटण मात्र तेच राहिलं.

या बटणाकडे जरा नीट बघू. बटणाला दोनच गोष्टी कळतात, चालू आणि बंद. वीज आली आणि धूर गेला, काजळी गेली, आगीची भीती पुष्कळ कमी झाली. हे लहान उपकार नाहीत. ज्यांनी चिमणीच्या उजेडात अभ्यास केलाय त्यांना विचारा. पण या देवघेवीत कंदिलाची चावी गेली. उजेड झगझगीत झाला, स्वस्त होत गेला, आणि त्याच्यावरचा आपला हात सुटला.

मग मुंबईकरानं काय केलं? त्यानं दुसरा दिवा लावला. झिरोचा बल्ब! (हशा) लाल, हिरवा, निळा. चाळीच्या प्रत्येक खोलीत देवाच्या फोटोजवळ नाही तर दाराच्या वर तो असायचा. निजायची वेळ झाली की मोठा दिवा बंद आणि झिरो चालू. माझ्या मते झिरोचा बल्ब हा आपला पहिला घरगुती डिमर. एकच पायरी असलेला, पण डिमरच. फक्त त्याचं नाव खोटं होतं. झिरोचा बल्ब शून्य वॅटचा कधीच नव्हता, तो १२ ते १५ वॅट घ्यायचा. १५ वॅट धरले आणि रोज आठ तास जळला, तर महिन्याला साडेतीन युनिटच्या वर. आजचा अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प तेवढ्याच तासांत महिन्याला युनिटचा आठवा भागसुद्धा घेत नाही.

झिरोच्या जोडीला ट्यूबलाइट आली. अमेरिकेत ती १९३८ साली बाजारात आली, आणि आपल्या मध्यमवर्गीय घरांत स्वातंत्र्यानंतर हळूहळू पसरली. बल्बच्या मानानं हिशेबात फार चांगली. साधा बल्ब घेतलेल्या विजेपैकी जेमतेम पाच टक्क्यांचा उजेड करतो, बाकीची उष्णता. ट्यूब त्याच्या कितीतरी पट पुढे. पण ट्यूब मंद करणं म्हणजे महाकठीण. चोक, स्टार्टर, तीनदा लुकलुकणार, मग पेटणार, आणि पेटली की पूर्ण पेटणार.

आता आपल्या गोराईकडे येऊ. गोराई दोन आहेत, हे इथे वेगळं सांगायला नको. खाडीपलीकडचं जुनं गाव, ईस्ट इंडियन आणि कोळी वस्तीचं, जिथे आपण जेट्टीवरून होडीनं जातो. आणि खाडीअलीकडची ही आपली वसाहत. ही वसाहत जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातली. चारकोपची भावंडं आपण. म्हाडानं भूखंड, रस्ते, पाणी, मलनिःसारण द्यायचं आणि लोकांनी सोसायट्या करून आपापली घरं बांधायची, अशी कल्पना होती. सगळ्यांत लहान भूखंड २५ चौरस मीटरच्या आसपास. तेवढ्या जागेत आपण संसार केले.

त्या घरांतली उजेडाची मांडणी आठवून बघा. छत होतं पंख्याचं. दिव्याला छतात जागाच नव्हती. ट्यूब भिंतीवर, साधारण सात-आठ फुटांवर. तिच्याखाली कॅलेंडर. झिरो दुसऱ्या भिंतीवर. दहा बाय बाराच्या खोलीत एका ट्यूबखाली एक जण गृहपाठ करतोय, एक जण भाजी निवडतोय, एक जण पहिल्या पाळीला जायचं म्हणून साडेनऊलाच आडवा झालाय. तो आडवा झालेला माणूस डोळ्यांवर चादर ओढून घ्यायचा. आपल्या पिढीतल्या कितीतरी वडिलांना आपण असंच आठवतो. दिवा कधी बंद करायचा हे अशा घरात कोण ठरवतं? ज्याचा शब्द चालतो तो. म्हणून मी म्हणतो, लहान घरात उजेड कमी-जास्त करता येणं ही चैन नाही. हॉटेलात ती चैन असेल. दहा बाय बारात तो समजुतीचा प्रश्न आहे.

बरं, विजेचा दिवा मंद करताच येत नव्हता असं नाही. करता येत होता, पण नाटकगृहात. आपल्या बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात तिसरी घंटा होते आणि प्रेक्षागृहातले दिवे हळूहळू मावळतात. त्या दोन-चार सेकंदांत आपण गप्प होतो. नाटकवाले पूर्वी यासाठी मिठाचं पाणी वापरायचे! भांड्यात खारं पाणी, त्यात धातूच्या पट्ट्या. पट्ट्या जवळ आणल्या की वीज जास्त जाते, लांब नेल्या की कमी. पाणी गरम व्हायचं, कधी उकळायचं. धोकादायक प्रकार. पुढे तारांच्या वेटोळ्यांचे डिमर आले. तेही अवजड, आणि उरलेली वीज उष्णता म्हणून फुकट घालवणारे.

हाच प्रकार आपल्या घरात होता, फक्त दिव्याला नाही, पंख्याला. तो जुना काळा, मोठा रेग्युलेटर आठवतो? पंखा एकवर ठेवला की हाताला गरम लागायचा. पंखा हळू फिरायचा, पण वाचलेली बरीचशी वीज त्या डब्यात तापत बसायची.

यातून वाट निघाली १९५९ च्या सुमारास. न्यूयॉर्कमध्ये जोएल स्पायरा नावाच्या तरुणानं साध्या स्विचच्या खोक्यात मावेल असा डिमर घरच्या घरी तयार केला आणि १९६१ साली लुट्रॉन ही कंपनी काढली. युक्ती सोपी आहे. वीज अडवून तापवत बसायचं नाही, ती तुकड्या-तुकड्यानं बंद करायची. आपल्या विजेची लाट सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते, म्हणजे १०० अर्ध्या लाटा. प्रत्येक अर्ध्या लाटेचा काही भाग कापून टाकायचा. बल्बची तार तापलेली असते, ती इतक्या झटपट थंड होत नाही, म्हणून डोळ्याला फक्त मंद उजेड दिसतो. पुढे आपल्याकडचे छोटे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आले, त्यांतले बरेच याच तत्त्वावरचे.

पण गंमत बघा. बल्ब मंद केला तरी बिलात फार फरक पडत नसे. तार थंड झाली की ती लालसर होते आणि आधीच कमी असलेला उजेड आणखी झपाट्यानं घटतो. उजेड निम्मा केला तरी वीज निम्मी होत नाही. म्हणजे कंदिलाची चावी फिरवली की तेल वाचायचं, तसं बल्बच्या डिमरनं होत नव्हतं. चावी परत आली, बचत अजून यायची होती.

ती आली एलईडीबरोबर. लाल एलईडी १९६२ चा. पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता, तो जपानमध्ये नव्वदच्या दशकात जमला आणि अकासाकी, अमानो, नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या घरात तो पोहोचला सरकारी योजनेतून. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेली, पुढे 'उजाला' या नावानं ओळखली गेलेली योजना. सरकारी कंपनी ईईएसएल एकगठ्ठा बल्ब विकत घ्यायची. २०१४ च्या सुरुवातीला तिला एक बल्ब ३१० रुपयांना पडत होता, २०१६ मध्ये ३८ रुपयांना. देशभरात ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. साठ वॅटच्या बल्बचं काम नऊ वॅटमध्ये होऊ लागलं.

घरगुती दिव्यांची बेरीज केवढी असते, हे आपण सगळ्यांनी एकदा बघितलंय. ५ एप्रिल २०२०, रात्री नऊ वाजता, नऊ मिनिटं. आपण गॅलरीत पणत्या घेऊन उभे होतो. मागणी साधारण १२-१४ हजार मेगावॅटनं उतरेल असा अंदाज होता. ती उतरली ३१ हजारांहून जास्त. एलईडी घरोघर पोहोचल्यानंतरची ही गोष्ट आहे.

आणि आता जेव्हन्स भेटतो. दिवा स्वस्त झाला, वीज कमी खाऊ लागला, मग आपण काय केलं? फॉल्स सीलिंग केलं! (हशा) आपल्याकडे पुनर्विकास होतोय, नूतनीकरणं होतायत. पूर्वी त्या खोलीत एक ट्यूब होती, चोक धरून ५० वॅटच्या आसपास. आता त्याच खोलीत कुणी १२ वॅटचे बारा दिवे बसवतो. १४४ वॅट. रोज पाच तास धरा. ट्यूबचे महिन्याला साडेसात युनिट व्हायचे, आता एकवीसच्या वर. प्रत्येक दिवा खोक्यावर तारे मिरवणारा, आणि बिल जवळपास तिप्पट. दिवा काटकसरी आहे, छत उधळं आहे.

इथे डिमरचं महत्त्व कळतं. एलईडी मंद केला की वीज जवळपास त्याच प्रमाणात कमी होते. आणि आपला डोळा फार उदार आहे. यंत्रानं मोजलेला उजेड पाव राहिला तरी डोळ्याला तो निम्म्यासारखा वाटतो. म्हणजे रात्री गप्पा मारायला निम्मा वाटणारा उजेड ठेवलात, तर वीज पावच्या आसपास जाते. कंदिलाची गोष्ट शंभर वर्षांनी पुन्हा खरी झाली. वात खाली केली की तेल वाचतं.

मग आमच्या घरी मी काय केलं? घाई केली. बाजारातून साधा डिमर आणला आणि जुन्या बटणाच्या जागी लावून घेतला. त्या रात्री सहाही दिवे फडफडायला लागले. थोडं खाली नेलं की गुणगुणायचे, आणखी खाली नेलं की एकदम विझायचे. आई म्हणाली, "यापेक्षा काळोख बरो." चूक दिव्याची नव्हती, मी इतिहास विसरलो होतो. तो डिमर तापलेल्या तारेसाठी जन्मलेला. एलईडीत तार नसते, आत ड्रायव्हर नावाचं छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं. त्याला कापलेली लाट कशी वाचायची हे शिकवलेलं नसेल, तर ते गोंधळतं. शिवाय जुन्या धाटणीच्या डिमरला किमान चाळीस-पन्नास वॅटचा भार लागतो. माझे सहा दिवे मिळून ३६ वॅट. डिमरला वाटायचं, समोर कुणी नाहीच.

म्हणून आता जे करणार आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी. दिव्याच्या खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेलं बघा आणि डिमर एलईडीसाठीचाच घ्या, किमान किती वॅट लागतात ते वाचून. पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला चुकूनही लावू नका. विकत घेण्याआधी दुकानात दिवा मंद करून मोबाइलचा कॅमेरा समोर धरा. पडद्यावर काळे पट्टे जोरात सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतो आहे, डोळा दुखवेल.

दुसरी गोष्ट, सगळे दिवे एका बटणावर घेऊ नका. सीलिंग बंद करण्याआधी तारा वेगळ्या ओढून घ्या. अभ्यासाचा कोपरा वेगळा, खाटेवरचा भाग वेगळा. खरं सांगू? घरात फक्त एवढंच केलंत तरी निम्मं काम डिमरशिवाय होतं.

तिसरी, छत अजून पंख्याचंच आहे. दिवा पात्यांच्या वर आला की प्रत्येक पातं उजेड कापतं आणि खोलीभर सावल्या फिरतात. दिवे पात्यांच्या घेराबाहेर ठेवा. चौथी, आपण खाडीवर राहतो. खारी हवा तारांच्या जोडांना आणि स्क्रूंना खाते. जुन्या घरात अजून ॲल्युमिनियमच्या तारा असतील तर आधी तांब्याच्या घाला, ३० मिलिअँपचं आरसीसीबी बसवा, आणि काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. जिप्समच्या वर झाकलेला सैल जोड तापला तर तो कुणालाच दिसत नाही. कंदील भडकला तर निदान डोळ्यांसमोर भडकायचा.

आमच्या घरी दुसऱ्यांदा काम नीट झालं. अभ्यासाच्या टेबलावरचे दोन दिवे वेगळे, बाकीच्या चारांना योग्य डिमर. त्यात एक फरक मात्र राहिला. बल्ब मंद होताना लालसर व्हायचा, वातीसारखा. साधा एलईडी मंद होतो तेव्हा तितकाच पांढरा राहतो, फक्त कमी होतो. म्हणून चार दिवे पिवळसर उजेडाचे घेतले, ज्यावर २७०० किंवा ३००० केल्व्हिन लिहिलेलं असतं.

आता रात्री अकरा वाजता मुलगी भिंतीपाशी जाते आणि गोल चावी डावीकडे फिरवते. तिला कुणी सांगावं लागत नाही. आई कधी झोपलेली असते, कधी नुसती डोळे मिटून पडलेली. परवा मी तिला विचारलं, उजेड बरा आहे का. ती म्हणाली, "बरो आसा. पण ह्या चावयेक वास येत नाय." रॉकेलचा वास. तिच्यासाठी मंद उजेडाला वास होता. तो काही मी आणून देऊ शकत नाही, आणि आणूही नये.

घरी गेल्यावर एक करा. निजायच्या आधी खोलीच्या मधोमध उभे राहा आणि बघा, आत्ता या घडीला इथे कोणाला किती उजेड हवा आहे. मग बटणाकडे जा.